झालं म्हणेपर्यंत

बसा. दार लोटून घ्या, धुकं आत येतंय. आणि तो मोबाईलचा दिवा बंद कर रे, थेट माझ्या डोळ्यांत येतो. अंधार काही खात नाही कुणाला.

तू जवळ ये गं, पुतणीबाई. बोलायचंय ते तुझ्याशीच. आज संध्याकाळी मला दुकानाच्या पायरीवर उभं केलंस, जुन्या बाजाराचा फोटो हवा म्हणून. 'काका, असेच उभे राहा, हलू नका,' म्हणालीस. फोन समोर धरलास. आणि मग त्यात डोकं खुपसून चालती झालीस. मी आपला उभाच. समोरचा न्हावी विचारतो, 'काय हो, स्वतःचाच पुतळा बसवताय का?' तरी मी हललो नाही. तुम्ही सगळे खो खो हसलात. हसा, हसा. पण फोटो काढून झाला की समोरच्याला 'झालं' म्हणावं, एवढं माझं ऐक.

का म्हणावं, ते सांगतो. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो माझा शेजारी, आणि निम्म्या गोष्टीला मी स्वतः हजर होतो.

माझ्या फ्रेमच्या दुकानाला लागून आता चष्म्याचं दुकान आहे ना, तिथे त्याचा फोटो स्टुडिओ होता. खरं नाव बाजारात कुणाच्या लक्षातच नव्हतं. सगळे त्याला 'हलूनका' म्हणायचे. बटण दाबायच्या आधी म्हणायचा, 'हलू नका…' आणि दाबून झालं की, 'झालं!' या दोन्हींच्या मध्ये समोरच्याने श्वाससुद्धा घ्यायचा नाही, असा त्याचा कायदा. हेडमास्तर असो नाहीतर तान्हं बाळ. वडिलांकडून धंदा घेतला तसा हा कायदाही घेतला होता. पोरं रस्त्यातून ओरडायची, 'अहो हलूनका, जरा हला की!' तो हसायचा. राग म्हणून नाहीच त्या माणसाला.

लग्नसुद्धा त्याचं त्यातूनच जमलं.

तेव्हा इथे नदीवर पूल नव्हता. लोक नावेतून पलीकडे जायचे. काठावर ती दगडी कमानींची लांबलचक शेड आहे, आत दगडी बाक, आणि समोर पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. नावेची वाट बघत बसायची ती जागा. नाव बंद पडून जमाना झाला, तरी आपण तिला अजून 'थांबा'च म्हणतो. तर हा विशीतला, वडिलांचा कॅमेरा गळ्यात घालून थांब्यावर गेला. बाकाच्या टोकाला एक मुलगी बसलेली. याने सवयीने म्हटलं, 'हलू नका…' ती बिचारी बसली ताठ. याने फोटो काढला. आणि मग तिच्याकडे बघतच राहिला. 'झालं' म्हणायचं राहूनच गेलं.

नाव लागली. माणसं चढली. नावाड्याने दोनदा हाक मारली. नाव सुटलीसुद्धा. ही जागची हलली नाही! शेवटी ओठ न हलवता म्हणते कशी, 'अहो, झालं का? माझी नाव गेली.'

ती त्या दिवसाची शेवटची नाव होती. मग काय, हा तिला सायकलवर बसवून, पार दुसऱ्या गावच्या पुलावरून, लांबच्या वळशाने घरी पोचवायला गेला, आणि पोचवता पोचवता त्या घरचा जावई झाला. वहिनी ही गोष्ट आल्यागेल्याला सांगायच्या. 'यांनी झालं म्हटलं नाही, आणि माझी नाव चुकली ती कायमचीच!' असं म्हणून त्याच्याकडे बघायच्या. तो लाजायचा. म्हातारा झाला तरी लाजायचा.

पाणी दे जरा. नको, उठू नकोस, तांब्या इकडे सरकव. हां.

पुढे वहिनी आजारी पडल्या. आधी पाय गेले, मग एकेक करत सगळंच. दोन वर्षं पलंगावर. लेक परगावी, तिची दोन लहान मुलं, ती येऊन येऊन किती येणार. सगळं यानेच केलं. कुशीवर वळवायचं, पुसून घ्यायचं, चमच्याने भरवायचं, रात्री चारदा उठायचं. दिवसा दोन-तीन तास स्टुडिओ उघडायचा. मी त्याला कॅमेऱ्यामागे उभ्या उभ्या झोपलेला पाहिलाय. 'हलू नका' म्हणाला आणि तिथेच डोळा लागला. समोर गिऱ्हाईक श्वास कोंडून लाल झालेलं! मी जाऊन हलवला त्याला. हसू आलं तेव्हा. पण त्याचा चेहरा बघितला आणि हसू जिरून गेलं. माणूस इतका दमू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला कळायचं नाही हे अजून. न कळो.

आता नीट ऐका. पहिल्यांदा वहिनींचा श्वास कोंडला, त्या रात्री तो घाबरून गेला होता. त्यांचा हात धरून म्हणाला, 'हे बघ, मी झालं म्हणेपर्यंत हलायचं नाहीस. कळलं?' वहिनी त्याही अवस्थेत हसल्या. म्हणाल्या, 'नाही हलत.' थट्टाच होती ती, नवरा-बायकोतली.

पण त्यांनी तो शब्द पाळला. डॉक्टर म्हणायचे, यांचं काही सांगता येत नाही, आठ दिवस काढतील की नाही. त्या महिनोन् महिने काढत होत्या. नुसता हाडांचा सापळा उरला होता. मी संध्याकाळी जाऊन बसायचो तेव्हा बघायचो. त्या त्याच्या तोंडाकडे बघत म्हणायच्या, 'दमले हो मी. म्हणा ना आता.'

'काय म्हणू?'

'ते.'

आणि हा उठून कप विसळायला जायचा. कप स्वच्छच असायचा. तरी विसळत बसायचा, नळ मोठा सोडून. आत वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. मी आपला कॅलेंडरकडे बघायचो.  त्याच्या जागी मी असतो तर माझ्याही तोंडून तो शब्द निघाला नसता. पण वहिनींचेही हाल बघवत नव्हते.

त्याच सुमाराला वाचनालयाने फोटोंची स्पर्धा काढली. हीच, तू भाग घेतेयस ती. 'आपल्या गावच्या जुन्या खुणा.' घड्याळाचा मनोरा, दगडी टाकी, थांबा, असलं सगळं. त्या वर्षी अट घातली होती, फोटोत माणूस नको. कारण आदल्या वर्षी लोकांनी मनोऱ्यापुढे आपापली माणसं उभी करून फोटो पाठवले होते. मनोरा कमी आणि मेव्हणे जास्त!

याला कसली स्पर्धा सुचतेय. पण वहिनींनी हट्टच धरला. 'थांब्याचा फोटो पाठवा,' म्हणाल्या. 'माझ्यापायी कोंडून घेतलंय स्वतःला. एक दिवस बाहेर पडा. मला बघायचाय थांबा.' रोज तेच. याने आज-उद्या करत करत शेवटच्या दिवसापर्यंत आणलं.

दिवसा थांब्यावर माणूस नाही असं होतच नाही. भाजीवाले, मोटारसायकली, गप्पिष्ट म्हातारे. म्हणून त्याने रात्रीचं ठरवलं. मी म्हटलं, 'अरे, रात्रीही येणारा-जाणारा असतोच की.' तर मला दुकानात उभं राहून समजावलं त्याने. कॅमेरा स्टँडवर ठेवायचा आणि भिंगामागचा पडदा चांगलं अर्धं मिनिट उघडा सोडायचा. तेवढ्या वेळात समोरून कुणी चालत गेलं तरी फोटोत येत नाही, पुसून जातं. फार हळू चालणारा असेल तर धुरासारखा थोडा उरतो. 'जो हलत नाही ना, तोच नीट उरतो,' म्हणाला.

नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. थंडी अशीच, आजच्यासारखी. रविवारी सकाळी वाचनालयात फोटो द्यायचा होता, चौकटीत बसवून. म्हणून मी दुकान उघडं ठेवून बसलो होतो. तो फोटो काढून आणणार, छापणार, मी चौकट ठोकणार. साधं काम.

शेजारच्या नर्सताई ड्युटीवरून नऊला यायच्या आणि वहिनींपाशी बसणार होत्या. हा साडेआठला निघाला. मधल्या अर्ध्या तासाचाच काय तो प्रश्न. निघण्याआधी त्याने वहिनींना आपला तपकिरी स्वेटर घातला, बाह्या दुमडून. डाव्या पायात लोकरीचा मोजा चढवला. उजवं पाऊल सुजलं होतं, त्यात मोजा जाईना. तो राहू दिला. पाय चादरीत गुंडाळले.

दारातून म्हणाला, 'आलोच गं.'

वहिनी म्हणाल्या, 'सावकाश या. घाई करू नका.'

तो गेला.

आता पुढचं त्याने मला सांगितलेलं. जसं सांगितलं तसंच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

थांब्यावर धुकं उतरलं होतं. कोपऱ्यावरचा एक दिवा तेवढा जळत होता. बाक दवाने ओला, पायऱ्या ओल्या. त्याने स्टँड लावला. एक सायकलवाला गेला. एक प्यायलेला माणूस स्वतःशीच भांडत गेला. एक कुत्रं बाकाखाली अंगाचं वेटोळं करून पडलं होतं. याला बरं वाटत होतं, म्हणाला. कित्येक दिवसांनी कुणी हाक मारत नव्हतं, आणि त्याचंच वाईटही वाटत होतं.

पहिला फोटो काढला, तो हे दोघे समोरून जातानाच. कॅमेऱ्यामागच्या छोट्या पडद्यावर बघितला. सायकलवाला पुसला गेला होता. दारुडाही नव्हता. कमानी छान आलेल्या.

पण पायऱ्यांवर काहीतरी होतं. धुरासारखं. उभं. वरच्या पायरीपासून खाली पाण्याकडे ओढल्यासारखं. फार हळू कुणी उतरत असावं, तसं.

त्याने मान वर करून पाहिलं. पायऱ्यांवर कुणी नव्हतं.

धुकं असेल, म्हणून त्याने काच पुसली. पुन्हा नेम धरला. आणि बटणावर बोट ठेवता ठेवता तोंडातून गेलं. सवयीने. समोर कुणी नसताना.

'हलू नका…'

बाकाखालचं कुत्रं उठलं. भुंकलं नाही. शेपूट पायांत घालून, बाकाकडे बघत बघत, मागच्या मागे गेलं.

अर्धं मिनिट… पडदा मिटला. त्याने फोटो बघितला.

पायऱ्या रिकाम्या होत्या. तो धूर नव्हता.

बाकाच्या टोकाला कुणीतरी बसलं होतं.

ताठ. हात गुडघ्यांवर. स्टुडिओत बसतात तसं.

त्याने वर पाहिलं. बाक रिकामा. खाली पडद्यावर पाहिलं. बसलेलं. पुन्हा वर… रिकामा.   त्याने फोटो मोठा करून बघितला. धंदाच तो, त्याशिवाय राहवेना.

एक सांगतो, त्याचं महत्त्व तुम्हाला कळणार नाही म्हणून सांगतो. जिवंत माणूस कितीही स्थिर बसला तरी श्वास घेतो. छाती हलते, पापणी हलते. अर्ध्या मिनिटाच्या फोटोत चेहरा थोडा तरी विरघळतोच. हा चेहरा विरघळला नव्हता. केसन् केस दिसत होता.

अंगात तपकिरी स्वेटर. बाह्या दुमडलेल्या.

डाव्या पायात मोजा.

उजवा पाय… उघडा.

खिशात फोन वाजला. नर्सताईंचा होता. त्याने कानाला लावला.  पलीकडून ताई म्हणाल्या, 'दादा… घरी या.'

कॅमेरा तिथेच टाकून तो धावला.

मी दुकानातून त्याला रस्त्यातून पळताना बघितला. त्या वयात, चप्पल हातात. मी शटर अर्धं ओढलं आणि मागोमाग गेलो. नर्सताई दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, 'मी आले तेव्हाच गार लागल्या. दादा निघाले आणि लगेच गेल्या असणार.' आत वहिनी पडल्या होत्या. तोंडावर त्रास नव्हता. ताईंनी डोळे मिटवले होते, चादर सारखी केली होती.

हा पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसला. रडला नाही. मला म्हणाला, 'ती इथे नाही.'

मी म्हटलं, 'हो रे बाबा. सुटली बिचारी.'

'नाही सुटली!' केवढ्याने ओरडला. मग हळू आवाजात सगळं सांगितलं. पायऱ्यांवरचा धूर, बाकावरचं बसणं. मला वाटलं, दमून दमून याचं डोकं फिरलं. मी मान डोलवत राहिलो.

'तुला कळत नाहीये,' म्हणाला. 'मी समोर असताना तिला जाता येत नव्हतं. म्हणून मला बाहेर काढलं तिने. फोटोबिटो काही नको होता तिला. मी दाराबाहेर पडलो आणि ती निघाली. पायऱ्या उतरत होती रे. जवळजवळ पोचली होती. आणि तिथेही मी आडवा आलो. तिथेही तिला म्हटलं, हलू नका.'



तो उठला. म्हणाला, 'चल माझ्याबरोबर. एकट्याने जमायचं नाही.'

मी म्हटलं, कॅमेरा आणायचा आहेच. स्वतःला तसंच सांगितलं. नर्सताई वहिनींपाशी बसल्या, दिवा लावून. आम्ही निघालो. साडेदहाचा सुमार असेल.  त्याच्या पायांचा आवाज आणि माझ्या पायांचा. दोघेही पाय ओढतच चाललो होतो.

कॅमेरा होता तसाच होता. स्टँडवर, बाकाकडे तोंड करून. लाल दिवा लुकलुकत होता, बॅटरी संपत आल्याचा. बाक रिकामा. मी नीट बघितला. रिकामाच होता.

त्याने तो फोटो मला दाखवला.

…

काय विचारतोस? हो. दिसल्या. वहिनी होत्या. मी त्यांच्या हातचं जेवलोय, मला ओळखता येणार नाहीत? सरळ आमच्याकडे बघत होत्या. रागाने नाही. कंटाळल्याही नव्हत्या. नुसत्या दमलेल्या. रांगेत फार वेळ उभं राहिल्यावर माणूस बघतो तसं.

 मी कमानीला धरून उभा राहिलो. दगड ओला, गार.

तो बाकासमोर गेला. दोन हात अंतरावर. तोंड उघडलं. शब्द येईना. पुन्हा उघडलं. ओठ हलत होते नुसते. मागे नळ नव्हता, कप नव्हता. कुठे जाणार?

पाणी अगदी शांत होतं. धुक्यात पलीकडचा काठ नव्हता.

मी म्हटलं, 'म्हण रे.'

तो म्हणाला, 'मी घरी जाऊन काय करू?' मला नव्हे. बाकाला म्हणाला. 'रात्री उठून काय करू? कुणाला वळवू?'

…

…

मग त्याने खांदे पाडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्याचे खांदे खाली आलेले पाहिले. आणि स्टुडिओत म्हणायचा तसंच, पण अगदी हळू, म्हणाला,

'झालं.'

काही झालं नाही.

'झालं गं. दमलीस. जा आता. माझ्यासाठी थांबू नकोस.'

काही दिसलं नाही, पोरांनो. मला काहीच दिसलं नाही. पण थोड्या वेळाने शेवटच्या पायरीवर पाणी आपटलं. एकदा. मग लहान लहान लाटा आल्या… एकामागून एक. नाव सुटल्यावर येतात तशा. लहानपणी तो आवाज मी हजारदा ऐकलेला. नदीत नाव नव्हती.

मग तो रडला. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून, पोरासारखा. मीही रडलो, लपवण्यासारखं त्यात काय आहे.

निघताना त्याने बॅटरीत उरलं होतं तेवढ्यात आणखी एक फोटो काढला. बाकाचा. बटण दाबायच्या आधी काही बोलला नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा तो न बोलता फोटो काढत होता. पडद्यावर रिकामा बाक आला. आधीचे दोन त्याने तिथेच, माझ्यासमोर पुसून टाकले. मी अडवलं नाही.

तो रिकाम्या बाकाचा फोटो मी दुसऱ्या दिवशी चौकटीत बसवून वाचनालयात नेऊन दिला. तो म्हणाला दे, तिची इच्छा होती. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पहिलं बक्षीस मनोऱ्यामागे बुडत्या सूर्याला. नेहमीचंच आहे ते. पण परीक्षकांतल्या एक बाई मला म्हणाल्या, 'यात कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटतं हो.' मी 'असेल' म्हटलं आणि सरबताचा ग्लास उचलला.

त्यानंतर तो लेकीकडे राहायला गेला. गेल्या हिवाळ्यात त्याचं संपलं. जीव जाता जात नव्हता, म्हणून लेकीने मला बोलावून घेतलं. मी त्याच्या उशाशी बसलो आणि कानात तो एक शब्द म्हटला. गेला लगेच.

…

काय गं, काय पुटपुटतेयस? मोठ्याने बोल.

'काका… झालं.'

काय झालं?

'संध्याकाळचा फोटो. झालं म्हणतेय मी. हला आता.'

बरं केलंस हो. पाठ अवघडली होती माझी. हसू नका रे, खरंच अवघडली होती.

चला, उठा आता. झोपा. काय म्हणतोस, गोष्ट पण झाली? नाही. एक राहिलंय. ते मी कुणाला सांगत नाही सहसा. बस जरा.

त्या रात्री आम्ही थांब्यावरून परत आलो तेव्हा नर्सताई त्याच खुर्चीवर होत्या. दिवा चालू. म्हणाल्या, मी एकदाही उठले नाही. खोटं बोलणारी बाई नव्हे ती. मग वहिनींचे कपडे बदलायचे म्हणून त्यांनी पायांवरची चादर काढली, आणि तशाच उभ्या राहिल्या. मला जवळ बोलावलं. हलक्या आवाजात, त्याला ऐकू जाऊ नये असं म्हणाल्या, 'भाऊ, हा मोजा बघा. नऊला मी चादर सारखी केली तेव्हा कोरडा होता.'

त्यांनी तो वहिनींच्या पायातून काढून माझ्या हातात दिला. मी मोरीत नेऊन पिळला. पाणी निघालं. गार, नदीच्या वासाचं. आणि तळाशी, टाचेच्या जागी, वाळू होती.

उजव्या पावलालाही होती. बोटांच्या बेचक्यांत.